कॉम्प्युटरला वारा घालणारे मामा

माझ्या बायकोचे, नंदाचे, मामा एखाद्या घरात शिरले आणि तिथलं सामान जागच्या जागी राहिलं, असं माझ्या आठवणीत नाही. चांदवडकडे त्यांची शेती. उभा जन्म कांदा साठवायच्या चाळी बांधण्यात गेलेला. चाळीत वारा खेळला नाही तर कांदा सडतो, आणि माणसाचंही तसंच, अशी त्यांची पक्की समजूत. आल्या आल्या पाण्याचा तांब्या हाती घेण्याआधी ते बोट ओलं करून वर धरत आणि मग आमचं कपाट सरकायला लागे. येवल्याच्या एका लग्नात चुलीचा धूर पंगतीवर येताना पाहून त्यांनी वरपक्षाची अख्खी रांग वाढलेल्या पानांसकट उठवली. व्याही रुसले. "रुसू द्या," मामा म्हणाले, "रडत जेवण्यापरीस रुसून जेवल्यालं बरं."

घरोघरी कॉम्प्युटर नुकते येऊ लागले होते. नंदाने घरीच मराठी टायपिंगची कामं घ्यायला सुरुवात केली आणि पहिलंच मोठं काम आलं ते एका प्राध्यापिकाबाईंच्या प्रबंधाचं. ऐन मे महिना. कॉम्प्युटर तापून अर्ध्या-अर्ध्या तासाने बंद पडे आणि जाताना दोन-चार पानं गिळून जाई. दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला आणखी एक पंखा बसवून दिला, तरी रड तीच. काम द्यायला आठ दिवस उरले तेव्हा नंदा म्हणाली, "बाईंना काम परत देते. मला नाही झेपत." आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मामा त्याच दिवशी आलेले. ते देवघरातली उदबत्ती पेटवून कॉम्प्युटरसमोर येऊन बसले.

"अहो, त्याची पूजा करून काय होणार?" माझी आई म्हणाली.

मामांनी उदबत्ती पुढच्या जाळीशी धरली. धूर आत गेला. मागे धरली, तिथूनही आतच गेला.

"जावईबापू, हे दोन्हीबी पंखे वारा आतच वढत्यात. तापल्याली हवा बाहेर कुठून जायाची? ह्या मागच्याचं तोंड फिरवा."

मी चार स्क्रू काढून मागचा पंखा उलटा बसवला. मामांनी जुन्या टूथब्रशने जाळीची धूळ झाडली, वाऱ्याच्या वाटेत लोंबणाऱ्या वायरी सुतळीने एका बाजूला बांधल्या आणि टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. मग संध्याकाळपर्यंत मागच्या पंख्यासमोर हात धरून बसले. "निघतीय बरं का गरम हवा!" अशी दर पाच मिनिटांनी बातमी. नंदा टाइप करत राहिली. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

प्रबंध वेळेवर गेला. वर्षभराने त्याचं पुस्तक झालं आणि बाईंनी एक प्रत घरी पाठवली. मनोगताच्या शेवटी नंदाचे आभार मानले होते. मामा आले तेव्हा तिने ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"हितं का तुझं नाव?" पुस्तक हातात घेऊन त्यांनी नावावर बोट ठेवलं. नंदा पाच वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून मामांनीच तिला वाढवलेलं.

"माझ्या बहिणीनं बघायला पायजे व्हतं," ते म्हणाले.

नंदाने चहा आणून ठेवला. तो गार झाला, तरी पुस्तक त्यांच्या हातातून कुणी घेतलं नाही.