होझिया स्प्रुइलची जीभ आणि अल्फियसची लाकडं

लग्न होऊन टार फोर्कला आल्यावर व्हर्लीनने पहिल्याच सोमवारी नवऱ्याच्या ताटाशेजारी टोमॅटो केचपची बाटली ठेवली. मी कुंपणाच्या अलीकडे चादरी वाळत घालत होते. मला काही ऐकायचं नव्हतं, पण चादरी ओल्या होत्या आणि त्यांची खिडकी उघडी होती, त्याला मी काय करणार?

होझिया स्प्रुइलने आधी शांतपणे विचारलं की हे काय आहे. तिने सांगितलं की तिच्या माहेरी, लेक्सिंग्टनकडे, बार्बेक्यूवर घालायच्या व्हिनेगरमध्ये थोडं केचप घालतात, छान रंग येतो. होझिया म्हणाला, रंग भिंतीला द्यायचा असतो. आमच्या पूर्वेकडे व्हिनेगर, मिरची आणि मीठ, बस. आणि डुक्कर अख्खं भाजायचं. देवाने अख्खं दिलेलं असताना तुमच्या पश्चिमेकडच्यासारखा नुसता खांदा भाजणं म्हणजे बाकीच्या डुकराचा अपमान आहे.

"मिस्टर स्प्रुइल," ती म्हणाली, आणि नव्या नवरीने नवऱ्याला मिस्टर म्हटलं की समजावं वारा फिरला, "तुम्ही लोक नाकापासून शेपटीपर्यंत सगळं एकत्र कुटता, कारण त्यातलं चांगलं कुठलं ते तुम्हाला ओळखता येत नाही."

बाटली कपाटात गेली. भांडण टेबलावरच राहिलं, आणि पुढे दोन मुलं त्या टेबलावर जेवून मोठी झाली.

आमच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या मधून एक रेघ जाते. नकाशात ती नाही, पण लग्न जमवताना दिसते. होझिया तसा वाईट माणूस नव्हता. कधी दारू नाही, चर्चला खाडा नाही. फक्त देवाने आपल्याला जीभ दिली आणि बाकीच्यांना नुसती तोंडं दिली, असा त्याचा समज होता.

पोटासाठी तो शवपेट्यांचा ट्रक चालवायचा. गावाबाहेरच्या कारखान्यात पेट्या बनायच्या आणि होझिया त्या पार टेक्सासपर्यंत पोचवायचा. कुठल्या गावात काय चांगलं मिळतं हे शोधायची त्याची रीत साधी होती. पेटी उतरवून झाली की अंत्यविधीच्या दुकानदाराला विचारायचं, "काय हो, तुमच्याकडे कुणी गेलं की लोक त्या घरी कुठलं बार्बेक्यू घेऊन जातात?" कारण, तो म्हणायचा, लग्नात लोक स्वस्तातलं मागवतात आणि पाहुण्यांना दिखाऊ ठिकाणी नेतात, पण मयत झालेल्या घरी कुणी वाईट जेवण नेत नाही, गाव आयुष्यभर लक्षात ठेवतं. मग तो त्या दुकानाच्या मागे जायचा. पुढची पाटी तो बघतच नसे. पाटीवरचं डुक्कर जितकं हसतं तितकं आतलं रडतं, असं त्याचं मत. मागे लाकडं रचलेली आहेत का, ती रोज उपसली जातात का, कुऱ्हाडीजवळ ताज्या ढलप्या पडल्यात का, एवढंच बघायचं. मग शवपेट्यांचा ट्रक दारात लावून तो जेवायला बसे. बाकीची गिऱ्हाईकं घाईघाईने आटपून उठायची, त्यामुळे त्याला जागा नेहमी ऐसपैस मिळे.

परत आला की चर्चच्या पायऱ्यांवर त्याचा दरबार भरे. टेक्सासवाले गाय भाजतात. चांगली भाजतात, पण नवऱ्यामुलाऐवजी त्याच्या काकाचं लग्न लावल्यासारखं वाटतं. मेम्फिसवाले बरगड्यांना कोरडा मसाला चोळतात आणि मग पाणी विकतात. कॅन्सस सिटीत मांसावर जॅम ओततात. आपल्या खालच्या साउथ कॅरोलायनात मोहरीचं पिवळं काहीतरी घालतात, त्याबद्दल तो फक्त मान हलवायचा, जशी आपण तुरुंगात गेलेल्या नातेवाइकाबद्दल हलवतो. अलाबामात पांढरा सॉस असतो हे त्याने सांगितलं तेव्हा आमच्या पाद्रीबाबांनी विषय बदलला.

आणि लेक्सिंग्टन? लेक्सिंग्टनचं नाव निघालं की तो व्हर्लीनकडे बघायचा आणि म्हणायचा की त्या भागातली माणसं फार प्रेमळ आहेत.

सगळ्या जगाची झडती घेऊन झाल्यावर निकाल ठरलेला असे: अल्फियस विनबोर्न. हा होझियाचा मावसभाऊ, लहानपणचा सोबती. गावाच्या टोकाला त्याचं दुकान, पुढे "लाकडावर भाजलेलं" अशी पाटी, मागे भट्टीची खोली. अल्फियस आणि त्याची बायको लूला ओक आणि हिकरीची लाकडं जाळून निखारे करायचे आणि फावड्याने ते डुकराखाली पसरायचे. एकाने निखारे घालायचे, दुसऱ्याने चरबी पेटू नये म्हणून जागं राहायचं. दोघं असली तरच व्हायचं काम. भट्टीच्या खोलीत तिसऱ्याला मज्जाव. मी त्यांच्यासाठी घरून कोबीची कोशिंबीर करून न्यायचे, ती मागच्या दारात ठेवायची आणि यायचं.

लूला गेली. अल्फियसने दुकान महिनाभर बंद ठेवलं, मग उघडलं. होझिया पहिल्याच दिवशी जेवून आला आणि पायऱ्यांवर त्याने जाहीर केलं की अल्फियसचा हात दुःखाने उलट जास्त बसला आहे. हिकरी, म्हणाला, आता जिभेवर आधी येते आणि ओक मागून. लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे कुणाला हिकरी आणि ओक जिभेवर वेगळे कळत नव्हते, पण होझियाला कळतात म्हटल्यावर सगळ्यांना कळू लागले.

व्हर्लीनने त्या शनिवारी अल्फियसच्या दुकानात दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "हे गॅसवरचं आहे."

मी तिथेच होते. होझिया इतका हसला की त्याला ठसका लागला. लेक्सिंग्टनची बाई टार फोर्कला धूर शिकवणार. अल्फियसच्या अंगणात गॅसची टाकी होती हे सगळ्यांना माहीत होतं. ती मक्याच्या भज्यांच्या कढईसाठी आहे हेही सगळ्यांना माहीत होतं, कारण अल्फियसने तसं सांगितलं होतं. आणि धुराडं रोज सकाळी धूर सोडत होतंच की. व्हर्लीनने ताट बाजूला सारलं. तिच्या माहेरचा सॉस लाल, त्यामुळे तिची साक्ष कच्ची.

होझिया निवृत्त झाला, पण जीभ नाही. तीनेक वर्षं गेली आणि राजधानीच्या वर्तमानपत्रातून एक मुलगी आली. राज्यात लाकडावर भाजणारी किती दुकानं उरली आहेत यावर तिला लिहायचं होतं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की टार फोर्कच्या मिस्टर स्प्रुइलना विचारा. होझियाने रविवारचा कोट घातला आणि तिला अल्फियसकडे घेऊन गेला. मी कोशिंबिरीची बादली घेऊन मागच्या दाराशीच होते.

अल्फियस तिला म्हणाला की भट्टी आता झाकलेली आहे, उघडली तर उष्णता जाते. होझियाला हे फार आवडलं. "खरा कारागीर झाकण उघडत नाही," तो म्हणाला. "चल पोरी, मी तुला खरं दुकान कसं ओळखायचं ते शिकवतो. लाकडं बघायची, लाकडं." आणि तो तिला थप्पीकडे घेऊन गेला.

जगभरच्या दुकानांची मागची अंगणं या माणसाने तपासली होती. फक्त भावाचं कधी तपासलं नव्हतं. भावाकडे कोण तपासतं?

थप्पीवर हनिसकलचा वेल चढला होता, पार वरपर्यंत, फुलं आलेली. खालची लाकडं हिरवी झाली होती. मधल्या फटीत एका तपकिरी चिमुकल्या पक्ष्याने घरटं केलं होतं आणि आत अंडी होती. कुऱ्हाडीच्या ओंडक्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या.

मुलगी म्हणाली, "अय्या, किती गोड." मग तिने वही काढली आणि विचारलं की ही लाकडं इतकी जुनी कशी.

होझियाचा चेहरा मी बघितला. शवपेट्या पोचवताना सुद्धा त्याचा चेहरा असा कधी झाला नसेल. एक शब्द बोलला असता तर अल्फियसचं दुकान त्या आठवड्यात बंद झालं असतं, म्हातारपणी जायला दुसरी जागा नाही. आणि त्याच शब्दाने होझियाची जीभही गेली असती, कारण तीन वर्षं पायऱ्यांवर बसून गॅसमधली हिकरी तोच तर चाखत होता. अल्फियस दारात ॲप्रनला हात पुसत उभा होता. हात कोरडे होते, तरी पुसत होता.

"ही मुरायला ठेवली आहेत," होझिया म्हणाला. "कच्चं लाकूड तर कुणीही जाळतं. पक्ष्याने घरटं केलं, पिल्लं उडून गेली, की समजायचं लाकूड मुरलं. ही आमच्याकडची जुनी रीत आहे."

मुलीने सगळं लिहून घेतलं. ती गेल्यावर दोघं मागच्या पायरीवर बसले. माझी बादली रिकामी झाली होती, पण मी ती जरा विसळत राहिले.

"कधीपासून?" होझियाने विचारलं.

"लूला गेल्यापासून. एकट्याने जमेना रे. दोनदा डोळा लागला, एकदा छप्पर पेटलं. सकाळी धुराड्याखाली थोडा पालापाचोळा पेटवतो, बाकी गॅस."

होझियाने रविवारच्या कोटाची बटणं काढली. मग म्हणाला, "आणि ती हिकरी? आधी हिकरी, मागून ओक?"

"ते तू म्हणत होतास," अल्फियस म्हणाला. "मी फक्त हो म्हणालो."

 झाकली मूठ आता दोघांची मिळून होती.

लेख छापून आला. मग लोक येऊ लागले, दूरदूरच्या गाड्या. जेवायचे आणि मागे जाऊन घरटं बघायचे. शेजारच्या काउंटीतल्या एका भट्टीवाल्याला गिऱ्हाइकांनी विचारलं की तुमचा पक्षी कुठे आहे, तेव्हा त्या बिचाऱ्याने बाजारातून घरटं आणून लाकडांत खोचलं. तो खरोखर लाकडावर भाजत होता, हे सांगायला नको.

पण पिल्लं उडाली, आणि आता अडचण आली. मुरलेलं लाकूड जळायला तर हवं. थप्पी तशीच उभी राहिली तर आज ना उद्या कुणीतरी शहाणा ओळखणार. ओळखायचं कसं हे होझियानेच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं.

म्हणून गुरुवारी सकाळी होझिया आपला जुना पिकअप घेऊन अल्फियसच्या मागच्या अंगणात जाऊ लागला. वेल कापला, लाकडं भरली, घरी आणली. थप्पी खाली गेली. मग अल्फियसला गिरणीतून नवीन ओक मागवावा लागला, तो लोकांदेखत उतरला, आणि पुढच्या गुरुवारी होझिया तोही घेऊन गेला. जाताना थोड्या ढलप्या तो कुऱ्हाडीजवळ पसरून जाई. गॅसवर भाजलेलं डुक्कर लाकडावरचं ठरावं म्हणून दोन म्हातारे लाकडाचा व्यापार करत होते, आणि दोघांना पाठदुखी. इतकं प्रामाणिक खोटं मी दुसरं पाहिलं नाही.

आता घरी आलेल्या लाकडाचं काय? ऑगस्टात शेकोटी तर कुणी करत नाही. स्प्रुइलांच्या अंगणात ओक आणि हिकरीचा डोंगर झाला. व्हर्लीनने नवऱ्याला एकही प्रश्न विचारला नाही. तिने आपल्या भावाकडून थोड्या विटा आणवल्या, अंगणात गुडघाभर उंचीची भट्टी रचली आणि एका शनिवारी डुकराचा खांदा निखाऱ्यांवर ठेवला. नुसता खांदा. सॉस लाल. दिवसभर ती फावडं घेऊन खुर्चीत बसली आणि धूर कुंपणावरून माझ्याकडे आला. मी बशी घेऊनच गेले.

होझिया टेबलाशी बसला, खाल्लं, आणि परत वाढून घेतलं. व्हर्लीन त्याच्याकडे बघत राहिली.

"काय मिस्टर स्प्रुइल, आधी काय येतं? हिकरी की ओक?"

"खा गप," तो म्हणाला.

टार फोर्कमध्ये खरं लाकडावरचं बार्बेक्यू आता एकाच घरी मिळत होतं, आणि ते पश्चिमेकडचं होतं, आणि राज्यातला सगळ्यात मोठा जाणकार त्याबद्दल अवाक्षर काढू शकत नव्हता. पायऱ्यांवर तो अजून बसायचा, पण निकाल देईनासा झाला. कुणी विचारलंच तर म्हणायचा की अल्फियस आपल्या परीने करतो. लोकांना वाटलं म्हातारपणाने नम्र झाला. मी आणि व्हर्लीन एकमेकींकडे बघत नसू, बघितलं की हसू यायचं.

होझियाला हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. व्हर्लीनने पिकअपच्या किल्ल्या लपवल्या. पिठाच्या डब्यात लपवल्या, म्हणजे सापडाव्यात अशाच.

होझियाच्या शेवटच्या गुरुवारी मी कोशिंबीर घेऊन गेले तेव्हा तो आधीच आलेला होता. अल्फियस म्हणत होता की या आठवड्यात राहू दे, थप्पी काही पळून जात नाही. होझिया म्हणाला, "तीच तर भानगड आहे." मग त्याने दोन-दोन लाकडं उचलून गाडीत ठेवायला सुरुवात केली. पूर्वी कवेत भरून न्यायचा. दर दोन खेपांनी तो थप्पीला टेकायचा, आणि अल्फियस त्याच्या शेजारी येऊन टेकायचा, जसं काही त्यालाच दमायला झालंय. ओक खाली, हिकरी वर, नेहमीसारखं. मग त्याने गाडीची मागची फळी लावली, कोयंडा दोनदा हलवून बघितला, मूठभर ढलप्या ओंडक्याजवळ टाकल्या, बुटाने थोड्या इकडेतिकडे केल्या, लांब उभा राहून बघितलं, आणि अजून दोन टाकल्या.

"लाकूड कोरडं आहे या वेळचं," तो मला म्हणाला. "व्हर्लीनला सांग, निखारे लवकर होतील." मग तो गाडीत बसला आणि वळणावरून हळूहळू घराकडे गेला.