बॅटरीवाल्या मामांचा पहिला अख्खा सिनेमा

आमच्या थिएटरातल्या बॅटरीवाल्या मामांनी एकतीस वर्षं लोकांना अंधारात खुर्च्या दाखवल्या, पण एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. थाप वाटते ना? मलाही वाटली होती. पण शेवटची दहा मिनिटं त्यांची ड्यूटी मागच्या दारावर असायची. सुटलेली गर्दी ते गल्लीतून बाहेर काढायचे, पुढच्या खेळाच्या रांगेजवळ फिरकू द्यायचे नाहीत. "ओ भाऊ, तोंड आवरा! तिकडं लोक तिकीट काढून उभे आहेत!" आणि आपल्याही कानावर काही पडू नये म्हणून सारखी शिट्टी फुंकत राहायचे.

मी पेपरात सिनेमांवर लिहितो. नवखा होतो तेव्हा मामांनीच मला सुनावलं होतं, "साहेब, मध्यंतरापर्यंतचं लिहा. पुढचं आमच्या गिऱ्हाइकाचं." बारा वर्षं मी ते पाळलं. म्हणून तर मामा माझा लेख बिनघोर वाचायचे.

मामा निवृत्त व्हायला आले. मालकांनी विचारलं, काय हवं? मामा म्हणाले, "बायकोबरोबर एक सिनेमा अख्खा बघायचाय." रविवारचा खेळ ठरला. नेमका खुनाचा सिनेमा लागला होता.

शुक्रवारी मी तो पाहिला आणि माझ्यातला दीडशहाणा जागा झाला. खुनी डॉक्टर आहे हे मी पंधराव्या मिनिटाला ओळखलं होतं. ते जगाला कळायला नको? दिलं लेखात ठोकून! उपसंपादिका म्हणाली, "अहो, शेवट कशाला फोडताय?" मी तिच्यावरच खेकसलो, "मला शिकवू नका!" मामा आठवले का? छे, अजिबात नाही. शनिवारी लेख छापून आला.

रविवारी मालकांनी मलाही बोलावलं होतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून मामींबरोबर दारात उभे. मामी पोस्टर बघत होत्या तेवढ्यात मला हळूच म्हणाले, "लेख वाचला, साहेब. हिला वाचून दाखवला, पण शेवटचं गाळलं. तुम्ही काही बोलू नका हं."

माझं तोंड एवढंसं झालं. माफी मागणार, तोच मामी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

अडीच तास मी मामांच्या बाजूच्या खुर्चीत चोरासारखा बसलो. पडद्यावर डॉक्टरनं हातमोजे काढले आणि मामी केवढ्यानं तरी ओरडल्या, "अगंबाई! हा मेला खुनी? अहो, तुम्हाला वाटलं होतं का?"

मामा दचकले. चांगले छातीवर हात नेऊन दचकले.

"छे गं! मी तर त्या मयताच्या भावावर संशय धरून होतो."

"एकतीस वर्षं थिएटरात काय केलंत मग?" मामी खुशीत म्हणाल्या. मामा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवे लागले. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मामींकडे वळून बसले होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "तो डॉक्टर निघाला तेव्हा कसं वाटलं गं तुला? नीट सांग ना."