तडकलेला भोपळा

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आज आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवाला अर्पण करायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, अशी रीत. यंदा पावसानं आमच्या परसातलं सगळं कुजवलं, पत्र्यावर एकच भोपळा राहिला. बाबा पाय मोडून चार महिने घरात, रोज आमटी-भात. मी म्हटलं, "आई, हा आपणच खाऊया की."

"पयला देवाचा," आई म्हणाली. "गुमान घिऊन जा."

सायकलला बांधून निघालो. शाहूपुरीत एक जण मोटरसायकलचं इंजिन खोलून बसलेला, ते बघायला थांबलो. सायकल कलंडली, भोपळा तडकला.

आईनं तो चर्चमध्ये बघितला. तडकलेली बाजू मागं फिरवून तिनं तो बाकीच्या अर्पणांत ठेवला. लिलावात पाळकांनी भोपळा वर धरला, तर कोणी हात वर करेना. आई मान खाली घालून बसलेली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, चार महिन्यांनी पहिल्यांदाच घराबाहेर पडलेले बाबा कुबडी उंचावून ओरडले, "माझा हाय त्यो!"

म्हणजे आपलाच भोपळा देवाला देऊन आपणच विकत आणला! वर जेवताना बाबांची लांबलचक आभाराची प्रार्थना. पाऊस सरला, पाय भरत आला, भटका लेक, म्हणजे मी, सणाला घरी हाय. तोवर भाजी गार.

आता आई त्याच भोपळ्याच्या बिया राखेत घोळवतेय. "पुढच्या सणाला लागतील की," म्हणाली.

या माणसांवर चिडायचं तरी कसं, सांगा की!