ताईला दिलेली इंजेक्शनं

माझी ताई हॉकीत गोलकीपर होती. खेळाडू म्हणून तिला रेल्वेत नोकरी मिळाली आणि बारा वर्षं ती त्यांच्या संघातून खेळली. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात तिला सगळे ‘हॉकीवाली’ म्हणायचे आणि मला ‘हॉकीवालीची बहीण’. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. गावातल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स आहे.

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ताईचा खेळ बंद केला. तिला गोंदियाला ऑफिसात बसायचं काम मिळालं. आठ दिवस गेली, मग रजा टाकून घरी आली. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच होतो. आई म्हणाली, “थकली पोरगी. झोपू दे चार दिवस.” चार दिवसांचे दोन महिने झाले. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. टीव्हीवर मॅच लागली की उठून बंद करायची.

जयंतीला विहारासमोर मांडव पडला. वॉर्डातल्या लोकांनी तिचा सत्कार ठरवला होता. पांढरी साडी नेसून ती पलंगावर बसली आणि उठेचना.

“मी नाही येत. खुबा लई दुखून राह्यला.”

“ताई, लोक वाट पाहून राह्यले.”

“मग एक इंजेक्शन लावून दे ना. दवाखान्यात असते तुह्याकडे.”

माझ्या पर्समध्ये एक होतं. ऑपरेशननंतर दुखण्यावर देतात ते, सवय लागणारं; सुट्टी झालेल्या एका पेशंटचं उरलेलं, परत द्यायचं राहून गेलेलं. मी दिलं. थोड्या वेळानं ताई उठली, आरशात बघून केस नीट केले आणि माझ्या आधी पायात चपला घातल्या. स्टेजवर ती इतकं छान बोलली की समोर बसलेल्या पोरी खिदळायला लागल्या. आई पदरानं डोळे पुसत होती. घरी येऊन ताईनं दोनदा भात वाढून घेतला. मला वाटलं, मी आईला तिची मुलगी परत आणून दिली.

आठवड्यानं तिनं पुन्हा मागितलं. मग दिवसाआड, मग रोज. दवाखान्यात पेशंटची उरलेली इंजेक्शनं मी घरी आणू लागले, आणि उरली नाहीत तेव्हा तिथल्या औषधांच्या कपाटातून घेऊ लागले. लहानपणापासून ताई म्हणजे कुठून तरी आलेली आणि बॅग उचलून पुन्हा निघालेली. तिनं माझी वाट कधी पाहिली नव्हती. आता फाटक वाजलं की ती दारात उभी असायची. हे लिहायला मला लाज वाटते, पण मला ते आवडत होतं.

“कुठं दुखते?” मी विचारायची. आधी खुबा होता, मग गुडघा, मग पाठ, मग खांदा. दवाखान्यातला पेशंट असं जागा बदलून सांगू लागला असता तर मी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं असतं. घरात मी दार लोटायची, आईला दिसू नये म्हणून.

एकदा मी औषध भरत असताना ती म्हणाली, “मैदान सुटलं तवापासून मले समजतच नाही, सकाळी उठावं काहून.”

“झोप पुरी होत नसंल,” मी म्हणाले आणि तिला कुशीवर वळायला सांगितलं.

त्यानंतर ती असं काही बोलली नाही.

दवाखान्यात कपाटाची मोजणी सुरू झाली तेव्हा मी घाबरले. घरी येऊन सांगितलं, “आता नाही भेटत ताई.”

“हौ,” एवढंच म्हणाली. दोन दिवस तिला घाम सुटत होता, अंग थरथरत होतं, पोटात पाणी ठरत नव्हतं. आई म्हणाली, मलेरिया असंल. मला ठाऊक होतं काय आहे ते, तरी मी आईबरोबर कपाळावर पट्ट्या ठेवत राहिले. तिसऱ्या दिवशी ताई मैत्रिणीकडे जाते म्हणून वारासिवनीच्या बसमध्ये बसली. परत आली तेव्हा हात अगदी स्थिर होते. तिथं कुणाकडून तरी तिला मिळू लागलं होतं, आणि टोचायचं कसं ते ती माझ्याच हातांकडे बघून शिकली होती.

पावसाळा संपता संपता तिची मांडी सुजली, लाल झाली, ताप चढला. मी तिला आमच्याच दवाखान्यात नेलं. मांडीवरचे व्रण बघून डॉक्टर थांबले. “ये किसने लगाए?”

मी ट्रे धरून बाजूलाच उभी होते. ताईनं माझ्याकडे बघितलंही नाही. “मैंने. खुद.”

“सिस्टर, आपको पता था?”

“नहीं, सर.”

माझी नोकरी राहिली. ताईच्या मांडीतला पू काढला आणि पुढे तिला नागपूरला व्यसनमुक्तीसाठी ठेवलं. तिथल्या मानसोपचाराच्या बाईंनी आम्हाला सांगितलं की, उदासी इंजेक्शनांच्या आधीपासूनची होती, खेळ थांबला तेव्हापासूनची. आई म्हणाली, “आमाले कसं नाही समजलं व?” मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले.

ताई चार महिन्यांनी आली. सध्या रोज गाडीनं गोंदियाला ऑफिसात जाते. मधे एकदा पाय घसरला, तेव्हा तिनं स्वतःच आईला सांगितलं आणि पुन्हा नागपूरला जाऊन राहिली. तिची औषधं चालू आहेत. आता हसते, भाजीला तिखट जास्त झालं म्हणून भांडते.

मागच्या वर्षी धीर करून मी म्हणाले, “ताई, त्या दिवशी मी डॉक्टरसमोर खोटं बोलली.”

“मी तिथंच तर होती,” ती म्हणाली. “तुही नोकरी गेली असती. मंग आईकडं कोणी पाह्यलं असतं?” आणि डबा भरू लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांना मी अजूनही काही सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात तिला टायफॉइड झाला, आमच्याच दवाखान्यात सलाइन लावायचं होतं. मी सुई घेऊन पलंगाजवळ गेले. तिनं हात हळूच चादरीखाली ओढला.

“तू नको,” ती अगदी प्रेमानं म्हणाली. “दुसरीले पाठव.”

मी दुसऱ्या सिस्टरला पाठवलं आणि तिचं काम होईपर्यंत बाहेर उभी राहिले.