टाकीतल्या अक्षता

आमच्याकडे एक मोटारसायकल आहे आणि ती चालते, असं मी गेली वीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, माझ्याहून थोडीच लहान. दोनपैकी एक सिलिंडर बहुतेक रजेवर असतं. पण बरकतपुऱ्यातल्या आमच्या पोर्चमधली सावलीची पहिली जागा तिचीच, कारण बाबा एकदा तिला घेऊन मद्रासजवळच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत उतरले होते. (आईला त्यांनी ‘कोर्टाचं काम आहे’ असं सांगितलं होतं. बाबा वकील, त्यामुळे ते पचलं.) शर्यतीत ते तिसरे आले. एकूण किती जण धावले, हे आमच्या घरात विचारायचं नसतं.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. गाडीबद्दल त्यांचं एकच वाक्य ठरलेलं आहे. “इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांच्या खाली असेल तोवर गाय. सहाच्या वर गेला की घोडी.” मी गायच पाहिली होती. तरी तिच्यावर माझा जीव होता. शाळेत असताना टाकीवर बसून मी बाबांबरोबर हिंडलो होतो आणि ते दोन सायलेन्सर एकदम गाऊ लागले की मला अजून भरून येतं.

माझी बायको मंजिरी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला भरून येत नाही. तिची नवी स्कूटर उन्हात उभी आणि बंद गाडी माझ्या स्कूटरशेजारी सावलीत, हे गणित तिला पटत नव्हतं. दिलसुखनगरचं एक गिऱ्हाईक गाडी मागत होतं. शेवटी तिने अट घातली.

“खंडेनवमीला दादाकडे जेवायला बोलावलंय, विद्यानगरला. मी या गाडीवर बसून वेळेत पोचले तर गाडी राहील. मला रिक्षा करावी लागली तर दसऱ्यानंतर ती दिलसुखनगरला जाईल.”

“मंजूर,” बाबा आतून म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही.

मी आठ दिवस गाडीची सेवा केली. प्लग घासले, कार्ब्युरेटर धुतला. नवमीच्या सकाळी गाडी पहिल्या तीन किकमध्ये सुरू झाली, दोन्ही सिलिंडरांवर. माझ्या अंगात वारं शिरलं.

आमच्या गल्लीत त्या दिवशी सगळ्या वाहनांची पूजा होते आणि सगळे एकमेकांच्या पूजेला जातात. आमच्याकडे झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारचे रेड्डीगारू सहकुटुंब आले. त्यांनी सहज विचारलं, “सार, यात ऑइल वेगळं घालायचं का?” एवढं पुरलं. मी टाकीचं झाकण काढलं, पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं यावर भाषण दिलं आणि त्यांना वास घ्यायला लावला. झाकण माझ्या खिशात राहिलं. तेवढ्यात आरती संपली आणि बाबा म्हणाले, “अक्षता टाका रे सगळे.”

आम्ही बारा जण होतो. सगळ्यांनी मूठ मूठ टाकल्या. रेड्डीगारूंच्या आजींनी दोनदा.

मी गुपचूप झाकण लावलं. दोन-चार दाणे आत गेले असतील, असं मला वाटलं. (गेलेच असले तर शुभच, असंही वाटलं.)

मंजिरी नारायणपेठी नेसून, हातात पुरणपोळ्यांचा डबा घेऊन मागे बसली. निम्मा रस्ता आम्ही झकास गेलो. मग गाडी खोकली, थरथरली आणि एका बंद दुकानासमोर थांबली.

“काय झालं?”

“काही नाही. शर्यतीच्या गाड्यांना मध्ये विश्रांती लागते.”

“शर्यतीत पण अशीच देतात का?”

मी किक मारत राहिलो. येणारा-जाणारा प्रत्येक जण “पेट्रोल अयिपोयिंदा सार?”, म्हणजे पेट्रोल संपलं का, असं विचारून जात होता. चाळिसाव्या किकला आतून कट्ट असा आवाज आला आणि किक लुळी पडली. मंजिरीने घड्याळ पाहिलं, मग रस्त्यावरच्या रिक्षांकडे पाहिलं. मी सलीमभाईंना फोन केला. बाबांच्या काळापासून ही गाडी तेच दुरुस्त करतात.

सलीमभाई स्कूटरवर पिशवी घेऊन आले. त्यांनी टाकीखालचा कॉक खोलला, बोट घातलं आणि कुंकवाचे लाल तांदूळ बाहेर काढले.

“क्या साब, टाँकी में बिर्यानी दम को रखे क्या?”

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूकडे पाहिलं.

त्यांनी टाकी रिकामी केली, पेट्रोल गाळून परत ओतलं. “पन किक का काम हो गया. अब धक्काच मारना पडता. मेरी कमर नक्को बोलती. एक बैठो, एक मारो.”

“नारायणपेठी नेसून मी ढकलणार नाही,” मंजिरी म्हणाली. तिने डबा हँडलला अडकवला, पदर खोचला आणि पुढे बसली.

“अगं, तुला गिअर...”

“लग्नाआधी दादाची मोटारसायकल मीच चालवत होते की. तुम्ही कधी विचारलं नाही. हं, ढकला.”

मी ढकललं. वीस पावलं, तीस पावलं. तिने क्लच सोडला, गाडी फुरफुरली, दोन्ही सिलिंडर एकदम पेटले आणि काटा बहुधा सहाच्या वर गेला. कारण निळ्या धुरात मला फक्त लांब जाणारा झेंडूचा हार दिसला. त्या दिवशी मी घोडी पाहिली, मागून.

मी रिक्षाने पोचलो तेव्हा मंजिरीचं पान वाढून झालं होतं. ती गाडीवर बसून आणि वेळेत पोचली होती. रिक्षा करावी लागली ती मला, आणि माझ्याबद्दल काही अट नव्हती.

गाडी राहिली. मंजिरीची स्कूटर सावलीत आली आणि दोन्हींना जागा व्हावी म्हणून माझी स्कूटर उन्हात गेली. किकचा सुटा भाग अजून मिळालेला नाही. दर रविवारी मंजिरी तीच गाडी घेऊन भावाकडे जाते.

परवा बाबा रेड्डीगारूंना सांगत होते की शर्यतीचा वारसा आमच्या घरात टिकला, सासऱ्याकडून सुनेकडे गेला.

“मग मध्ये हे आहेत ना?” रेड्डीगारूंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

बाबांनी थोडा विचार केला. “तो ढकलतो चांगलं,” ते म्हणाले.