टाळीवरचं फ्रेंच

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच म्हणा, चहा यायला अजून वेळ आहे.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी फ्रेंच शिकवायचो. हो हो, फ्रेंच! नोकरी तात्पुरती. तोंडी परीक्षेला पुण्याच्या परीक्षक बाई येणार होत्या. त्यांचा शेरा चांगला आला तर मी कायम, नाहीतर घरी. कायम झाल्यावर घ्यायचा स्टोव्ह बायकोनं दुकानात बघूनसुद्धा ठेवला होता.

आमच्या पोरी हुशार. पण पुढं-मागं जोडण्या लावून केलेला लांबलचक शब्द आला की मधेच अडकायच्या. एक शब्द तर असा, अर्थ एवढाच की 'घटनाबाह्य रीतीनं', आणि लांबी मालगाडीची. मी शुक्रवार पेठेतल्या भजनी मंडळातला. त्या शब्दाचे तुकडे पाडले, तर बरोब्बर आठ. म्हणजे आठ मात्रांचा केरवा तालच की! मग तो टाळीवर बसवला. आँ-ती-कोंस-ती-त्यू-स्यो-नेल-माँ. महिन्याभरात अख्खा वर्ग टाळ्या देत फ्रेंच बोलायला लागला. मला वाटलं, आपण शोधच लावला.

परीक्षेच्या दिवशी बाई आल्या. पांढरीशुभ्र साडी, करारी मुद्रा. अक्कलकोटच्या शिवलीलेला त्यांनी नेमका तोच शब्द वाचायला दिला. तिनं पुस्तक खाली ठेवलं आणि टाळ्या सुरू केल्या.

"अजून परीक्षा संपली नाही. टाळ्या कशाला?" बाई दचकल्या.

"टाळ्या न्हाईत मॅडम, शब्द हाय."

"हात मागे घे. आता म्हण."

शिवलीलेनं हात मागे घेतले. "आँ..." म्हणाली आणि तिथंच अडकली. मग टेबलाखालून ठकठक ऐकू यायला लागली. पोरीनं पायानं ताल धरला होता.

व्हरांड्यात नंबरची वाट बघणाऱ्या पोरींना वाटलं, सरांनी सराव सुरू केला. त्यांनीही टाळ्या धरल्या. कुणीतरी बाक बडवला. गलका ऐकून प्राचार्य धावत आले आणि दारातच उभे राहून मान डोलवायला लागले.

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "सर, हे तुम्ही शिकवलंत?"

"व्हय... म्हणजे, हो."

"तुकडे सारख्या वजनाचे असतात, मान्य. पण शब्द एका दमात वाहायला हवा ना? तुम्ही म्हणून दाखवा बरं."

विचार करा, माझी सगळी नोकरी त्या एका शब्दावर आली होती. बाईंसाठी आणलेली भरली कपबशी माझ्या हातातच होती. मी डोळे मिटले आणि म्हणालो. इतका सुरेख उच्चार जन्मात केला नव्हता हो. पण पहिल्याच तुकड्याला दोन्ही हात एकमेकांवर आपटले होते. डोळे उघडले, तर कपबशी फरशीवर आणि चहा बाईंच्या साडीवर.

बाईंनी शेरा काय दिला, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या साली फ्रेंचचा वर्ग बंद झाला. मला मात्र प्राचार्यांनी खरोखरच कायम केलं. लेझीम पथकावर.