मामंजींची फटफटी

माझे यजमान ब्रह्मदेशच्या लढाईत गेले तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम दोन पावसाळे झाले होते, आणि त्यातलेही बहुतेक दिवस ते पलटणीतच होते. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. इथेही मी त्यांना ‘हे’ एवढंच म्हणते.

हे लष्करात निरोप पोचवायचं काम करत. मोटारसायकलवरून, एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर. शेवटच्या रजेवर आले तेव्हा पडवीतल्या भाताच्या पोत्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले, हवेत दोन मुठी धरल्या आणि तोंडानं फटफट आवाज काढत मला गाडी चालवून दाखवली. मी पदर तोंडात कोंबून हसले. त्याच रजेत त्यांच्या पोटरीवर मला भाजल्याचा एक गुळगुळीत डाग दिसला होता. विचारलं तर म्हणाले, “फटफटीनं दिलेली खूण हाय ती.”

मग एके दिवशी तार आली. अपघातात गेले, एवढंच कळलं. फटफटी चालवत होते, तेव्हा फटफटीवरच गेले असं आम्ही सगळ्यांनी धरलं. आमच्या कडाव गावात तोवर कुणी फटफटी थांबून, नीट पाहिली नव्हती. मामंजींना बैलानं मारलेलं मरण कळत होतं, पुरातलं कळत होतं, साप चावल्याचंही कळत होतं. हे मरण त्यांच्या डोळ्यांपुढे उभंच राहत नव्हतं. जेवताना हात थांबायचा आणि विचारायचे, “पोरी, त्यावर माणूस बसतो तरी कसा गं?”

मी सांगायची, जेवढं पोत्यावर पाहिलं होतं तेवढं.

मामंजी रोज पहाटे कावडीनं कर्जतला रेल्वेच्या बंगल्यांत दूध घालायला जात. आगगाडी घाट चढताना तिला मागून रेटणारं इंजिन असतं, त्यावरचा एक गोरा ड्रायव्हर त्यांचं जुनं गिऱ्हाईक होता. त्याच्या शेडात एक म्हातारी फटफटी होती. लढाईच्या कितीतरी आधीची, टाकीवरचा रंग उडालेली. मामंजी वर्षानुवर्षं तिच्या बाजूनं दूध घेऊन गेले होते, पण कधी थांबले नव्हते. आता थांबायला लागले. स्वराज्य आलं आणि साहेबानं विलायतेला जायची बांधाबांध सुरू केली, तेव्हा मामंजींनी गाडी मागितली.

“तू बुढ्ढा आदमी, क्या करेगा?” साहेब म्हणाला.

“माजा लेक असल्या गाडीवर गेला,” मामंजी म्हणाले.

साहेबाला मराठी येत होतं. जायच्या आधीचे सगळे दिवस दूध घातल्यावर तो मामंजींना शेडात नेऊन गाडी शिकवत असे. काय देऊन सौदा झाला ते मामंजींनी घरात कधीच सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

गाडी आली ती बैलगाडीत, पेंढ्यावर आडवी पडून. अख्खा गाव बघायला लोटला. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. पेंढा बाजूला सारल्यावर चाक दिसलं तशा त्या खाली उतरल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “जिनं माजा लेक खाल्ला तिला तुमी दारात आनलात?” आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या पुढच्या अंगणात फिरकल्या नाहीत. पाण्याला, गोठ्यात, सगळीकडे मागच्या दारानं.

मामंजींनी तिला पुढच्या अंगणात गोठ्याला लागून छप्पर केलं. संध्याकाळी धार काढून झाली की फडकं घेऊन तिच्याशेजारी बसत. एकेक भाग पुसत आणि मला हाक मारत. बसायच्या कातडी खोगिराखाली दोन जाड स्प्रिंगा. टाकीच्या अंगाला गिअरचा दांडा, तो हातानं ओढायचा. पेट्रोलची चावी फिरवली की बारक्या वाटीत पेट्रोल उतरायचं, एक बटण दाबून ते थोडं ओसंडू द्यायचं, मग किक. किक नीट बसली नाही तर पाय उलटा फेकायची. पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा बैलांनी दावी ताणली, कोंबड्या कौलावर गेल्या आणि मामंजी घाबरून तिचा दांडा सोडून बाजूला झाले. मी हसले. हे गेल्यानंतर मी पहिल्यांदाच हसले होते, आणि आतून सासूबाईंची खिडकी आपटल्याचा आवाज आला.

पेट्रोल कूपनावर मिळायचं, तेही बाटलीभर. मामंजी ते जपून वापरत. भातकापणी होऊन शेतं मोकळी झाली तसे ते गाडी शेतात नेऊ लागले. धसकटांतून ती उडत, खोकत जायची. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, डोक्याला मुंडासं, आणि नजर पुढच्या चाकावर खिळलेली. त्यांना कुठं जायचं नव्हतं. बांधापर्यंत जात आणि परत येत. उतरल्यावर मुठीवरून हात काढत नसत.

“हात असं धरलं की खांदं भरून येतात,” एकदा म्हणाले. “त्याला दिसभर धरायला लागत असंल.”

एका दुपारी गाडी बांधाला अडून कलंडली आणि मामंजी तिच्याखाली आले. मी धावले. आम्ही दोघांनी ती उचलली. त्यांची पोटरी धुराच्या नळीला चिकटून चांगलीच भाजली होती. मी घरातून खोबरेल आणलं. मामंजी डाव्या हातानं पाय धरून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा नवलच जास्त होतं.

“हिथं भाजतंय गं. त्यालाबी भाजलं असंल का?”

नवऱ्याच्या अंगावरची खूण सासऱ्याला सांगायची रीत नव्हती. ती खूण फक्त माझी होती. ह्यांच्या देहातलं मला एवढंच नीट आठवत होतं. खूप वेळ मी तेल लावत राहिले.

“हो मामंजी,” मी म्हटलं. “ह्यांच्या पोटरीवर होता डाग. ह्याच जागी.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते त्या लाल कातड्याकडे बघत राहिले, फुंकरसुद्धा घातली नाही.

त्याच्या पुढच्या थंडीत खालापूरकडचा एक माणूस घर विचारत आला. एक पाय किंचित ओढत चालायचा. ह्यांच्याच पलटणीतला. मामंजींनी त्याला पाणीसुद्धा नीट पिऊ दिलं नाही, हाताला धरून छपराखाली नेलं.

“ही बग. अशीच व्हती ना?”

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. “नाय काका. आमची येगळी. आमचा गिअर पायात व्हता.”

मामंजींचा हात टाकीवरच्या दांड्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

“आनि काका,” तो माणूस खाली बसला, “तो गाडीवर गेलाच नाय. त्या दिशी त्याला ताप व्हता. म्हनून सायबानं त्याला लॉरीत बसवलं आनि त्याची गाडी मला दिली. मी पुडं व्हतो. घाटाचं वळन घेऊन मागं बगितलं तर लॉरीच नाय. रस्ता खचला व्हता. इतकी वर्सं यायची हिंमत झाली नाय, काका. म्या त्याच्या गाडीवर व्हतो.”

पुढच्या दाराशी सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हाला कळलं नव्हतं. त्या पुढचं अंगण ओलांडून आल्या, त्या माणसासमोर उभ्या राहिल्या.

“ताप लय व्हता का रं?”

“व्हय काकी. अंग तव्यावानी तापलं व्हतं.”

“पानी कुनी देत व्हतं का?”

“मी दिलं, काकी. निघायच्या आदी.”

सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला जेवायला वाढायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुढचं अंगण झाडलं, छपराखालचंही.

मामंजींनी मात्र गाडीला पुन्हा हात लावला नाही. तिच्या टाकीवर धूळ बसली, चाकं खाली बसली. पावसाळ्यानंतर खोपोलीचा एक मेकॅनिक ती घेऊन गेला, तेव्हा ते शेतात होते आणि शेतातच थांबले. मी विचार करायची, एवढं शिकले ते सगळं वाया गेलं का. मग एकदा भाकरी खाता खाता ते म्हणाले, “पोरी, लॉरीत तो कुटं बसला असंल गं?”

हे मला लॉरीबद्दल कधी काही बोललेच नव्हते.

आम्ही दोघं त्या माणसाकडे खालापूरला गेलो. लॉरीत लेक बसला होता तसं आपल्याला बसायचंय, असं मामंजींनी त्याला सांगितलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. कुंभिवलीजवळ मुंबई-पुण्याच्या सडकेवर भाताची पोती घेऊन खोपोलीच्या गिरणीकडे जाणारी लॉरी त्यानं हात करून थांबवली, ड्रायव्हरशी बोलला, आम्हाला मागे चढवलं आणि स्वतःही चढला.

“हिथं,” त्यानं दाखवलं. “फळीला टेकून. घोंगडी घेतली व्हती.”

मामंजी तिथे बसले. पाठ ड्रायव्हरच्या मागच्या फळीला टेकवली. लॉरी सुटली तशी फळी त्यांच्या पाठीवर आदळू लागली, पोती सरकू लागली, खालून धूळ आणि तेलाचा वास येऊ लागला. लॉरी पुढे पुढे जात होती आणि आम्ही मागे तोंड करून बसलो होतो, त्यामुळे पुढे काय येतंय ते दिसत नव्हतं. फक्त मागे सुटत जाणारा रस्ता दिसत होता.

“हितनं काय दिसत नाय,” मामंजी म्हणाले. “त्याला कळलंच नसंल.”

आणि ते रडले. तार आली तेव्हा रडले नव्हते, तेराव्याला नाही, गाडीखाली सापडले तेव्हाही नाही. आता मुंडासं तोंडावर दाबून, अंग गदगदा हलवत रडले. एका वळणावर लॉरी कलली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा नसतो. मी हात सोडवून घेतला नाही. खोपोली येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो, समोर तो सैनिक गुडघ्यांत डोकं घालून.